आधीं छप्पर, मग भिंती

पनवेल तालुक्यांतील आपटा हें पाताळगंगेच्या कांठचें गांव. जवळच कर्नाळ्याचा सुळका, भोंवतीं भाताचीं शेतें, आणि पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील लहानसें स्टेशन. मुंबईच्या कुटुंबास येथें घर बांधावेंसें वाटतें तें बहुधा हिवाळ्यांत. नदी संथ असते, हवा कोरडी असते, डोंगर स्वच्छ दिसतात. आणि घराचा नकाशाही त्याच प्रसन्न मनःस्थितींत काढला जातो. त्यांत खोल्या असतात, खिडक्या असतात, झोपाळ्याची जागासुद्धां असते. छपराच्या जागीं मात्र दोन तिरक्या रेघा. भिंती उभ्या राहूं द्या, मग छपराचें पाहूं, असें घरधनी म्हणतो. कोंकणांत हा क्रम नेमका उलटा असावा लागतो.

उदाहरणार्थ पडवीच घ्यावी. मंगळूरी कौलांस येथील पावसांत निदान ३० अंशांचा उतार हवा. त्याहून मंद उतारावर वाऱ्यानें रेटलेलें पाणी कौलांच्या जोडांतून मागें चढतें. ३० अंशांचा उतार म्हणजे दर फुटास सुमारे सात इंचांची घट. आतां भिंत १० फूट उंच धरली, आणि तिच्यापुढें ८ फुटांची पडवी व अडीच फुटांची वळचण एकाच पाख्याखालीं योजली, तर साडेदहा फुटांच्या अंतरांत छप्पर सहा फुटांनीं उतरतें, आणि पागोळ्या पडवीच्या जमिनीपासून अवघ्या चार फुटांवर येतात. घरांत शिरणाऱ्या पाहुण्यास वांकूनच यावें लागेल! पुष्कळ ठिकाणीं ही गोष्ट ध्यानांत येते ती सुतार वासे चढवितो त्या दिवशीं. भिंत तर पुरी झालेली असते. मग तडजोड म्हणून पडवीपाशीं उतार मोडला जातो, पाखें तेथें जवळजवळ सपाट होतें, आणि पहिल्याच आषाढांत त्या हौसेच्या झोपाळ्यावर पाणी ठिबकूं लागतें. भिंत मुळांतच १३ फूट घेतली असती, तर छपराचा कांठ सात फुटांवर राहिला असता. हा निर्णय पाया भरण्याआधींच व्हावयास हवा; कारण पडवीचे खांब कोठें येणार, हें पायाला ठाऊक असावें लागतें.

दुसरा प्रश्न छपराच्या आकाराचा. नैर्ऋत्येच्या वाऱ्यांबरोबर येणारा पाऊस सरळ खालीं पडत नाहीं. पश्चिमेकडून त्याची झड येते. दुपाखी घराची त्रिकोणी भिंत पश्चिमेस आली कीं ती झड सरळ भिंतीच्या अंगावर घेते, आणि श्रावण संपेपर्यंत आंतला गिलावा फुगतो. पूर्वीं अशा भिंतीस झांप बांधीत. चौपाखी छपरास चारी बाजूंस वळचण मिळत असल्यामुळें तें येथें अधिक शहाणपणाचें. चौपाखी छपरास कौलें फार लागतात, अशी समजूत आहे, ती खरी नव्हे. उतार तोच आणि झांकावयाची जागा तीच असेल, तर छपराचें क्षेत्रफळ दोन्ही प्रकारांत सारखेंच भरतें. खर्च वाढतो तो कोपऱ्यांवरच्या तिरक्या वाशांचा, कापाव्या लागणाऱ्या कौलांचा आणि कसबी सुताराचा.

हिशेबही कागदावर आधींच मांडतां येतो. पडवी सोडून ३० फूट बाय ४० फुटांचें घर घेतलें आणि चोहोंकडे अडीच फुटांची वळचण ठेवली, तर ३० अंशांच्या उतारावर सुमारे १,८२० चौरस फूट छप्पर होतें. चौरस मीटरास १५ प्रमाणें अडीच हजारांवर कौलें लागतात. फूटतूट धरून पावणेतीन हजार मागवावीं. त्यांचें वजन सुमारे सात टन. हा भार वासे, तुळया आणि भिंती यांनीं कायमचा वाहावयाचा असतो. पाण्याचेंही तसेंच. याच छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १४ हजारांहून अधिक लिटर पाणी वळचणीवरून खालीं येतें. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईच्या सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली; तेवढ्या पावसांत हा आंकडा १ लाख ३८ हजार लिटरांवर जातो. पन्हळी कोठें उतरवावयाच्या आणि तें पाणी जोत्यापासून दूर कसें न्यावयाचें, हेंही म्हणून नकाशांतच दाखवावें.

पावसाइतकाच विचार वाऱ्याचा. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें आणि रायगड जिल्ह्यांत असंख्य घरांचे पत्रे व कौलें उडून गेलीं. वारा छपरास दाबतो, असें सामान्यतः वाटतें. वस्तुतः पुष्कळदां तो त्यास वर ओढतो, आणि ही ओढ कांठांवर, कोपऱ्यांवर व आढ्यापाशीं सर्वांत जबर असते. भारतीय मानकांत मुंबईसाठीं वाऱ्याचा मूळ वेग सेकंदास ४४ मीटर, म्हणजे ताशीं सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. तेव्हां भिंतीच्या माथ्यावरील तुळई बोल्टांनीं खालच्या काँक्रिटच्या पट्ट्यांत जखडावी, वासे तुळईस बांधावे, आणि निदान कांठाच्या ओळींतील कौलें तारेनें रिपांस अडकवावीं. हे बोल्ट काँक्रिट ओलें असतांनाच बसवावे लागतात. मागाहून भोंकें पाडून ते तितके पक्के बसत नाहींत.

कौलांऐवजीं पत्रा कां नको, असें कोणी विचारील. पत्रा हलका, झटपट बसणारा, आणि माकडांच्या उड्यांस पुरून उरणारा आहे. कोंकणांत कौलें जाऊन पत्रे आले त्यांत माकडांचा वांटा थोडाथोडका नाहीं. पण वैशाखांत त्याखालीं बसवत नाहीं, आणि मुसळधार पावसांत त्याखालीं रेडिओ ऐकूं पाहणारास वक्त्याचे केवळ ओठच हलत असावेत असें वाटावें! पत्राच घालावयाचा असेल तर खालीं फळ्यांची तक्तपोशी घालावी. ॲस्बेस्टॉसचे पत्रे मात्र टाळावे. कापतांना किंवा मोडतांना त्यांचे तंतू हवेंत मिसळतात व श्वासावाटे गेल्यास कर्करोगास कारण होतात. काँक्रिटचा सपाट स्लॅब टाकणारीं घरेंही आहेत, आणि त्यांपैकीं अनेकांवर कांहीं वर्षांनीं गळतीमुळें पत्र्याचें दुसरें छप्पर चढतें. एका घरास दोन छपरांचा खर्च!

आतां वेळेचा हिशेब. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागतें, आणि त्याआधीं वळवाच्या सरी येतात. म्हणून शेवटचें कौल मेच्या मध्यास बसलेलें असावें. तेथून मागें मोजीत गेलें, तर लांकूड किंवा लोखंड होळीपूर्वीं जागेवर हवें, आणि पाया तुळशीच्या लग्नानंतर लगेच सुरू झालेला हवा. मार्गशीर्ष उलटूनही पाया निघाला नसेल, तर त्या वर्षीं जोत्यापर्यंतच काम करून थांबणें बरें. उघड्या भिंती चार महिने पावसांत भिजवून पुढल्या वर्षीं त्यांवर सात टन चढविणें हें धाडस कोणीं करूं नये.

कौलें घेतांना प्रत्येक खेपेंतील दहावीस वाजवून पाहावीं. पक्कें भाजलेलें कौल खणखणतें, कच्चें किंवा तडकलेलें बद्द वाजतें. शंभरेक कौलें माळ्यावर राखून ठेवावीं, कारण दहा वर्षांनीं त्याच मापाचीं मिळतीलच असें नाहीं. आणि मृगाची पहिली मोठी सर येईल तेव्हां घरच्या कोणीतरी विजेरी व खडू घेऊन माळ्यावर जावें, आणि जेथें थेंब दिसेल तेथें वाशावर खूण करावी. पाऊस थांबला कीं खुणा कोरड्या होतात व जागा सांपडत नाहीं. सुतार दुसऱ्या दिवशीं येतो तो त्या खुणा पाहूनच वर चढतो.