मनोरुग्णास दाखल करण्याचा निर्णय



घरातील माणूस एकाएकी बिथरला की त्याला कोंडून ठेवावे, अथवा रुग्णालयात नेऊन ‘भरती करा’ असा आग्रह धरावा, अशी आपली रीत आहे. परंतु रुग्णालयातील प्रवेश केवळ नातेवाइकांच्या मागणीवर ठरत नाही.

डॉक्टर प्रथम शरीराची तपासणी करतात. तीव्र ताप, डोक्यास मार, रक्तातील साखर घटणे, नेहमीची दारू एकदम बंद होणे यांमुळेही माणूस असंबद्ध बोलतो. अशा वेळी मूळ व्याधीवर उपचार हवा. नंतर धोक्याचा अंदाज घेतला जातो. रुग्णाने स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न केला काय? दुसऱ्यास इजा होईल असे त्याचे वर्तन आहे काय? स्वतःची काळजी घेणे त्याला अशक्य झाले आहे काय? आत्महत्येविषयी डॉक्टर स्पष्टपणे विचारतात. विचारल्याने तो विचार मनात येतो, ही समजूत चुकीची आहे.

धोका दिसला तरी आणखी पाहावे लागते. घरी सतत सोबत मिळेल काय? शेतीची विषारी औषधे कुलपात राहतील काय? फेरतपासणीस येणे जमेल काय? ही व्यवस्था पुरेशी असेल, तर घरी राहूनही उपचार होऊ शकतात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत असेल, तर त्याच्या संमतीनेच प्रवेश मिळतो. एरवी त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने अर्ज करावा लागतो. एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक अथवा डॉक्टर स्वतंत्रपणे तपासणी करतात. कमी बंधनाचा उपाय नसेल तरच प्रवेश दिला जातो आणि त्याची प्रथम मुदत ३० दिवसांपर्यंत असते. तातडीच्या प्रसंगी कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरास ७२ तासांपर्यंत उपचार करता येतात. मात्र त्यांत विजेचे झटके देता येत नाहीत. पोलिसांनी संरक्षणाखाली घेतलेल्या अशा व्यक्तीस कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत तिला जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे लागते.

या निर्णयात आपलाही वाटा आहे. त्रास केव्हा सुरू झाला, रुग्ण काय बोलला, कोणती औषधे चालू आहेत, हे न लपवता सांगावे. रुग्णास फसवून आणू नये. तसे केल्यास उपचारांवरील त्याचा विश्वास उडतो. सल्ल्यासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे. तो प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिला जावा, एवढीच आपणांस विनंती.