गालातले शल्य



शरीरात रुतलेल्या परक्या वस्तूला 'शल्य' म्हणतात. आमच्या विद्येचे नावच त्यावरून पडले. तरी एका शल्याने आम्हांला चांगलाच धडा दिला.

सायकलवरून पडलेला एक मुलगा आमच्याकडे आला. गालाची जखम लहान, क्ष-किरण चित्र स्वच्छ. आम्ही धुऊन टाके घातले. तीन आठवड्यांनी गाल सुजून पू वाहू लागला. आत कुंपणाच्या लाकडाची कपची निघाली! काच व धातू क्ष-किरणांत बहुधा दिसतात. लाकूड सहसा दिसत नाही, आणि कोरडे असेल तर सीटी स्कॅनमध्येही हवेसारखे भासते. 'कशावर पडलास?' हा साधा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता.

मग रुतलेले सारेच काढावे काय? लाकूड, काटा काढलाच पाहिजे. तो पू धरतो. रस्त्याची धूळ-खडी लवकरात लवकर, भूल देऊन, घासून धुवावी. नाहीतर गोंदल्यासारखे डाग कायम राहतात. पण चेहरा हलविणाऱ्या मज्जातंतूच्या शाखा गालातूनच जातात. त्यांच्याजवळ खोल रुतलेला, त्रास न देणारा धातूचा कण काढण्यापायी रोग्याचे तोंड वाकडे करणे, हे शहाणपण नव्हे.

आपणांस विनंती एवढीच: रुतलेली मोठी वस्तू घरी उपसू नका, तिनेच कदाचित रक्त थोपवून धरलेले असते. रोग्याला तसेच घेऊन या, धनुर्वाताच्या लशीचे विचारा, आणि कशाने लागले ते आम्ही विचारले नाही तरी सांगा.