माझ्या पेशी, दादाचं आतडं

मी बडोद्यात कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. आज मात्र तुमच्याशी बोलतेय ती एक दाता म्हणून.

दादाला ल्युकेमिया झाला आणि स्टेम सेल माझ्या जुळल्या. पेशी रुजल्या, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. मग जुलाब सुरू झाले. दिवसाला दीड-दोन लिटर, पुढे रक्तही. डॉक्टर म्हणाले, जीव्हीएचडी. माझ्या टी-पेशींना दादाचं आतडं परकं वाटलं होतं आणि त्या त्यावर तुटून पडल्या होत्या. राखीपौर्णिमा आठ दिवसांवर होती.

स्टिरॉइडला आजार दाद देईना. पुढच्या औषधालाही नाही.

यात आतड्यातल्या जंतूंचा काय संबंध? केमोथेरपी, अँटिबायोटिक्स आणि उपासमार यांत आतड्याच्या अस्तराला ब्युटिरेट पुरवणारे जंतू मरतात. रिकाम्या जागेत एखादाच जंतू माजतो. न्यूयॉर्क, डरहॅम, रेगेन्सबुर्ग आणि साप्पोरो इथल्या 1,362 रुग्णांचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आतड्यात जंतूंची विविधता जास्त, त्यांच्यात मृत्यू कमी. अर्थात हा नुसता संबंध झाला, कारण नव्हे. वर्गात मी हे दरवर्षी घसा फोडून सांगते.

तर उपाय असा, की निरोगी माणसाची विष्ठा तपासून, गाळून रुग्णाच्या आतड्यात सोडायची. आई म्हणाली, "शी! काय बोलतेस!" फ्रान्समध्ये एका कंपनीने अनेक दात्यांची विष्ठा एकत्र करून औषध बनवलं. दोन्ही औषधं हरलेल्या 66 रुग्णांना ते दिलं, तर अठ्ठाविसाव्या दिवशी 62 टक्क्यांच्या आतड्याला उतार पडलेला होता. तुलनेला दुसरा गट नव्हता, हेही ध्यानात ठेवा.

मी डॉक्टरांना म्हटलं, माझीच घ्या. पेशी माझ्या, तर जंतूही माझेच. खरं सांगू? मला अपराध फेडायचा होता.

तपासणीत मी नापास झाले. माझ्या आतड्यात अँटिबायोटिक्सना न जुमानणारा ई. कोलाय निघाला. आपल्याकडे धडधाकट माणसांतही तो सर्रास सापडतो. मला त्याचा काही त्रास नव्हता. दादाला तो रक्तात शिरला असता. 2019 मध्ये अमेरिकेत नेमकं हेच घडलं होतं. एकाच दात्याच्या विष्ठेतून असा जंतू दोघांच्या रक्तात गेला, आणि त्यांतला प्रत्यारोपण झालेला रुग्ण दगावला.

"ताई, तुम्ही द्यायचं ते देऊन झालंय," डॉक्टर म्हणाले.

शेवटी वहिनी पास झाली. नाकातून नळी घालून दोनदा दिलं. तिसऱ्या आठवड्यात जुलाब निम्म्यावर आले. त्याचं श्रेय कुणाचं, सोबत चालू असलेल्या औषधांचं की वहिनीच्या जंतूंचं, ते एका रुग्णावरून ठरवता येत नाही.

दिवाळीत दादाने मऊ भात आणि पातळ वरण मागितलं. आईने तूप घातलं नाही. डॉक्टरांनी अजून बंदी केली होती.