सात-बाऱ्यावर मालक, खळ्यावर रोजानं

(लासलगाव येथे तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



तुमच्यातले बरेचजण नाशिक, कल्याण, मुंबईकडून आलेत. लासलगाव म्हणजे कांदा, एवढं तुम्हाला ठाऊक. १९४७ साली इथं बाजार समिती झाली, देशभरचे व्यापारी इथल्या लिलावाकडं डोळे लावून बसतात, हेही वाचलं असेल. पण कांद्याच्या खाली जमीन असते, आणि जमिनीच्या खाली कागद असतो. त्या कागदाचा धंदा मी तीस वर्षं केला. पाटीवर ‘इस्टेट एजंट’ लिहिलंय. गावात दलाल म्हणतात, आणि तेच खरं.

मला बोलावलं ते ‘धंद्यातून काय शिकलात’ हे सांगायला. बोलावणाऱ्यांना वाटलं असेल, आपल्यातला एक माणूस वर आला, त्याची जिद्द पोरांना ऐकवू. जिद्द-बिद्द काही नाही. माझं भांडवल एकच होतं. माझी जात.

कसं, ते सांगतो. महार वतन तुम्ही पुस्तकात वाचलंय. गावकीची कामं करायची, सांगावा पोचवायचा, अंमलदार आला की त्याच्यापुढं राबायचं, मेलेलं ढोर ओढायचं, आणि त्या बदल्यात जमिनीचा एक तुकडा. तो तुकडा नव्हता, दावं होतं. बाबासाहेबांनी ते ओळखलं आणि १९२८ सालीच मुंबई कौन्सिलात त्यावर बिल आणलं. प्रत्यक्षात ही वतनं गेली १ ऑगस्ट १९५९ ला. मग सरकारनं आकाराच्या पटीत पैसे भरून घेतले आणि तीच जमीन आपल्या लोकांच्या नावावर परत लावली. पण नवीन शर्तीनं. सात-बाऱ्यावर लिहिलेलं असतं, भोगवटादार वर्ग दोन. म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. बिनशेती करायची तर बाजारभावाच्या निम्मा नजराणा भरा. (माणसं पहिल्या वर्गाची झाली असं घटना सांगते, जमीन मात्र दुसऱ्या वर्गातच बसलीय.)

अट आपल्या राखणीसाठी होती. गावातल्या बड्या धेंडांनी चार पैशांवर जमीन उपटू नये म्हणून. पण मी या धंद्यात बघितलं ते असं, की कुंपण असलं की फाटक लागतं आणि फाटक आलं की त्याच्याजवळ बसणारा माणूस लागतो. तो मी.

साल १९९६. इथून चार-पाच मैलांवरचं गाव, नाव सांगत नाही. रस्त्याला लागून साडेसहा एकर वतनाचा गट. एका व्यापारी पार्टीला तिथं कांद्याचं खळं टाकायचं होतं. सात-बाऱ्यावर सदतीस नावं. कोण कुर्ल्याला, कोण उल्हासनगरला, कोण मनमाडच्या रेल्वे क्वार्टरात. पार्टीला बुद्धवाड्यात शिरता येत नव्हतं, शिरायचंही नव्हतं. मी शिरलो. दारात आधी ‘जयभीम’ म्हणायचो. कोणाला पाचशे दिले, कोणाला दोन हजार. मुंबईवाले तर हसत सही करायचे. “गावाला काय ठेवलंय, घ्या!” जमीन कुठल्या अंगाला आहे हेही त्यांना माहीत नव्हतं.

अडली एक आजी. गट तीच कसत होती. नात्यानं माझी चुलत आजी लागायची. म्हणाली, “आरं, ही इकता येत न्हाई म्हणत्यात ना?” मी म्हटलं, “इकत न्हाई आजी, नुस्ता कारभार बघायला देतो. जमीन तुझ्याच नावावर ऱ्हाईल.”

आता यातली गंमत बघा. मी बोललो त्यातलं दुसरं वाक्य शंभर टक्के खरं होतं. खरेदीखत झालंच नाही. साठेखत झालं, कुलमुखत्यारपत्र झालं, पैशांची पावती झाली, तीही नोटरीपुढं. फेरफार नाही, तलाठ्याकडं काहीच नाही. आजीचा अंगठा मी धरला होता. हातानं धरला होता, दोस्तहो. तिला अकरा हजार मिळाले, मला दोन्हीकडून दलाली.

पुढच्याच हंगामात खळं उभं राहिलं आणि आजी तिथं कांदा निवडायला जाऊ लागली. रोजानं. उन्हाळ कांद्याच्या धुळीत डोक्याला फडकं बांधून ती बसायची, सात-बाऱ्यावर मालक म्हणून जिचं नाव होतं ती. मी रस्त्यानं मोटारसायकलवर जायचो. ती हात करायची.

शिकलो म्हणायचं तर हेच, की आपल्या जमिनी घ्यायला आता कोणी काठी घेऊन येत नाही. आपलाच माणूस येतो आणि सही मागतो. २०११ साली सुप्रीम कोर्टानं सुरज लॅम्पच्या निकालात साफ सांगितलं, की नुसत्या मुखत्यारपत्रानं आणि साठेखतानं मालकी जात नाही. आमच्या धंद्यात त्यानं काय बदललं? मुखत्यारपत्राचा मसुदा जरा लांबला. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढव्यातल्या सुमारे चाळीस एकर महार वतनाच्या जमिनीचा तीनशे कोटींचा व्यवहार गाजला, तोही मुखत्यारपत्राच्याच वाटेनं गेलेला. पेपरवाल्यांना धक्का बसला. मला नाही बसला. आकडे मोठे होते, एवढंच.

आणि उलटी बाजू बघा. पैसा आला तेव्हा मला शेत घ्यावंसं वाटलं. कूळकायद्याचं कलम ६३ आडवं आलं. शेतकरी नसलेल्यानं कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घ्यायची नाही. शेतकरी असल्याचा दाखला आण. माझा बाप भूमिहीन, आजा भूमिहीन. ज्याच्या बापाकडं होती त्यालाच मिळणार, असला हा हिशेब! याच जिल्ह्यातल्या दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ ला भूमिहीनांसाठी तुरुंग भरले. त्यांच्या नावानं सरकारची योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन बौद्ध-अनुसूचित कुटुंबाला चार एकर जिरायत नाहीतर दोन एकर बागायत. २०१८ पासून पूर्ण अनुदान. कागद उत्तम. पण सरकारी दरात इथली द्राक्षाची, कांद्याची जमीन विकायला कोण बसलाय? मी दलाल आहे, मला विचारा.

आजी २०१९ ला गेली. आता पार्टीच्या पोरांना गट कायमचा करून घ्यायचाय. मुखत्यारपत्र देणारा मेला की मुखत्यारपत्रही मरतं. पार्टीचा वकील म्हणतो, मोबदला दिलेला आहे, मरत नाही. पण त्याचीही खात्री नाही, म्हणून वारसांच्या सह्या हव्यात. आजीचा नातू उल्हासनगरला, कुरिअरच्या गोडाऊनला कामाला. सही आणायला कोणाला पाठवलं असेल?

गेलो. खोलीत बाबासाहेबांचा फोटो, खाली पोराची गादी. पन्नास हजार देऊ करायला सांगितलं होतं. त्यानं चहा ठेवला आणि विचारलं, “काका, खरा भाव किती?”

मी खरा भाव सांगितला. मग १९९६ चं सगळं सांगितलं. अंगठ्याचंही. तो बराच वेळ बोलला नाही. चहा उतू गेला. नंतर म्हणाला, “आजी म्हणायची, तुम्ही लई जवळचे.”

आता तुम्ही टाळ्या वाजवाल, तर थांबा. तक्रार केली की शर्तभंग उघडा पडतो. शर्तभंगात जमीन सरकारजमा होऊ शकते. म्हणजे व्यापारी जाईल आणि पोरालाही मिळायची नाही, असंही होऊ शकतं. बाकीच्या छत्तीस जणांचे वारस पैसे घेऊन मोकळे झालेत, त्यांना ही भानगड नको. त्यातल्या दोघांनी मला फोनवर आईवरून शिव्या घातल्या. पार्टीनं माझी दुसरी दोन कामं काढून घेतली. वकील म्हणतो, आधी सगळे जुने फेरफार काढा, १९५९ नंतरच्या पुनःप्रदानाच्या आदेशाची नक्कल काढा, मग प्रांताकडं जायचं का ते बघू.

पोराचा परवा फोन आला, कधी येऊ म्हणून. मी म्हटलं, सोमवारी ये, सोमवारी तलाठी गावात बसतो. येताना आजीच्या मृत्यूचा दाखला आण, आणि तुझ्या बापाचाही.