खुल्या जाळ्यावरचे पहिले दुकान : म्हैसूरच्या निमित्ताने



म्हैसूर संस्थानातील चंदनाचे लाकूड पहिल्या महायुद्धापूर्वी मोठ्या प्रमाणावर युरोपात जात असे आणि त्याचे तेल मुख्यत्वे जर्मनीत काढले जाई. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले आणि ही बाजारपेठ एकाएकी बंद झाली. लाकूड होते, गिऱ्हाईक मात्र उरले नव्हते. महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत, दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या पुढाकाराने तेल गाळण्याचे काम संस्थानातच सुरू झाले. १९१६-१७ मध्ये बंगळूर व म्हैसूर येथे चंदन तेलाचे कारखाने उभे राहिले आणि त्यातूनच पुढे म्हैसूर चंदन साबणाचा उद्योग आकाराला आला. विश्वेश्वरय्यांचे अभियांत्रिकी शिक्षण पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात झाले होते आणि त्यांच्या सेवेची सुरुवात मुंबई प्रांताच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात, नाशिक व खानदेश भागात झाली होती. साधनसंपत्ती आपली असली, पण उत्पादन व गिऱ्हाईक यांच्यामधला टप्पा दुसऱ्याच्या हाती असला, तर उत्पादक परावलंबी होतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

शंभर वर्षांनंतर हाच प्रश्न वेगळ्या रूपात समोर उभा आहे. म्हैसूरच्या रेशमाला, अगरबत्तीला, शिसवी लाकडावरील जडावकामाला, पारंपरिक चित्रशैलीला आणि गंजिफाच्या पत्त्यांना भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण लाभले आहे. मालाची ओळख कायद्याने सुरक्षित झाली. परंतु तो माल ग्राहकाच्या नजरेस कोणत्या क्रमाने पडावा, त्यावर किती दलाली आकारली जावी आणि विक्रेत्याचे खाते केव्हा बंद करावे, हे निर्णय आता बहुतांशी ऑनलाइन दुकानांच्या मंचांवर होतात. म्हणून अशा मंचावरील पहिले, अगदी छोटे ॲप कसे उभारले जाते, हा प्रश्न केवळ संगणक अभियंत्यांचा राहत नाही. तो लघुउद्योग, स्पर्धा आणि ग्राहकहित यांच्याशी निगडित असा विकासाचा प्रश्न ठरतो.

बंद मंच आणि खुले जाळे

बंद मंचावर ग्राहक, विक्रेता, शोधयंत्रणा, पैशाची देवघेव आणि वितरण या सर्वांचे नियम एकच कंपनी ठरवते. त्या मंचासाठी बनवलेले ॲप दुसऱ्या मंचावर चालत नाही. मंच बदलायचा झाल्यास विक्रेत्याला सारी मांडणी पुन्हा करावी लागते.

याला पर्याय म्हणून केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्रालयाच्या उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाने ओपन नेटवर्क फॉर डिजिटल कॉमर्स, म्हणजेच ओएनडीसी, हा उपक्रम हाती घेतला. डिसेंबर २०२१ मध्ये कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ अन्वये ना-नफा तत्त्वावरील कंपनी स्थापन झाली. एप्रिल २०२२ मध्ये दिल्ली, बंगळूर, भोपाळ, शिलाँग व कोइमतूर या पाच शहरांत प्रायोगिक काम सुरू झाले आणि ३० सप्टेंबर २०२२ रोजी बंगळूरमध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी चाचणी खुली झाली. ओएनडीसी हे स्वतः दुकान नव्हे. ‘बेकन’ या खुल्या संदेश-मानकावर आधारलेले ते एक जाळे आहे. बँका वेगवेगळ्या असल्या तरी युपीआयमुळे त्यांच्यात पैसे फिरतात. त्याच धर्तीवर एका ॲपवरील ग्राहकाला दुसऱ्या ॲपवरील विक्रेता सापडावा, ही यामागील कल्पना आहे.

म्हैसूरच्या देवराज मार्केटची रचना येथे उपयोगी पडते. फुले, फळे, अगरबत्ती, सुगंधी तेले असे असंख्य गाळे तेथे आहेत. रस्ते आणि दरवाजे मात्र सर्वांना सामाईक. गाळा लहान असला तरी गिऱ्हाइकाची वाट त्याच्यापर्यंत जाते. खुल्या जाळ्याने नेमके हेच साधणे अपेक्षित आहे.

पहिल्या ॲपची उभारणी

अगरबत्ती वळणाऱ्या एखाद्या महिला बचत गटाचे उदाहरण घ्यावे. गटासाठी एक तरुण अभियंता विक्रेत्याच्या बाजूचे ॲप तयार करत आहे असे मानले, तर त्याच्यापुढचा पहिला प्रश्न भूमिकेचा असतो. हे ॲप केवळ स्वतःचा माल विकणाऱ्याचे असेल की अनेक विक्रेत्यांना सामावून घेणारे असेल? गटाने स्वतः तांत्रिक सहभागी होण्याची गरज नसते. विक्रेता-ॲप चालवणारी संस्था जाळ्यात नोंदते आणि गट त्या ॲपवर विक्रेता म्हणून येतो.

दुसरी पायरी नोंदणीची. त्यासाठी स्वतःचे संकेतस्थळ-नाव, सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र आणि किल्ल्यांच्या जोड्या लागतात. प्रत्येक जोडीत एक किल्ली खासगी आणि एक सार्वजनिक असते. सार्वजनिक किल्ली जाळ्याच्या नोंदवहीत जमा होते. त्यानंतर नोंदवही ॲपकडे कूटबद्ध आव्हान पाठवते. योग्य खासगी किल्ली ज्याच्याकडे आहे, तोच ते उलगडून अचूक उत्तर देऊ शकतो. संकेतस्थळावर ठेवलेल्या स्वाक्षरीयुक्त पडताळणी-पानावरून त्या नावावरील मालकीही सिद्ध होते.

तिसरी पायरी संदेशांची. ग्राहकाने ‘अगरबत्ती’ शोधली की त्याच्या ॲपकडून निघालेला शोध-संदेश प्रवेशद्वारामार्फत अनेक विक्रेता-ॲपपर्यंत पोहोचतो. विक्रेता-ॲप प्रथम केवळ पोच देते आणि मालाची सूची नंतर स्वतंत्र संदेशाने पाठवते. निवड, तपशिलाची मांडणी, मागणीची निश्चिती, स्थिती, रद्द करणे अशा प्रत्येक विनंतीला असाच एक जोड-प्रतिसाद असतो. प्रत्येक संदेशावर खासगी किल्लीने अंकीय स्वाक्षरी केली जाते आणि मिळणारा पक्ष नोंदवहीतील सार्वजनिक किल्लीने ती तपासतो. मधल्या मध्ये किंमत बदलली गेल्यास स्वाक्षरी जुळत नाही आणि संदेश नाकारला जातो.

प्रारंभिक ॲप एवढेच असावे : एक वस्तू, एक मागणी, एक रद्दबातल मागणी आणि या सर्वांची नोंद. जाळ्यावर चाचणीचे, पूर्वतयारीचे आणि प्रत्यक्ष व्यवहाराचे असे वेगळे टप्पे ठेवलेले आहेत. खऱ्या ग्राहकाच्या पैशावर चाचणी होऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

लहान वाटणाऱ्या चुका

अनुभवी तंत्रज्ञ तीन गोष्टींबाबत विशेष दक्ष असतात. पहिली, खासगी किल्ली आज्ञावलीतच लिहून ठेवणे. अशी आज्ञावली सार्वजनिक संग्रहात गेली, की कोणीही त्या विक्रेत्याच्या नावाने स्वाक्षरी करू शकतो. म्हणून किल्ली आज्ञावलीपासून वेगळ्या, संरक्षित जागी ठेवली जाते आणि फुटल्याचा संशय येताच बदलली जाते.

दुसरी, एकच संदेश दोनदा येणे. जोडणी तुटली की पाठवणारा पुन्हा प्रयत्न करतो. प्रत्येक व्यवहाराला व प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो. तो न तपासणारे ॲप एका मागणीच्या दोन मागण्या करते आणि गटाकडून दुप्पट माल बांधला जातो.

तिसरी, शिल्लक साठ्याची. शेवटचा एकच पुडा असताना दोन ग्राहकांनी एकाच क्षणी मागणी केली, तर एकालाच होकार मिळावा अशी तजवीज संगणकातील नोंदीत करावी लागते. मोठ्या कंपनीला अशी चूक परवडते. लहान गटाला मात्र रद्द झालेल्या मागणीने नाव गमवावे लागते आणि गेलेले नाव सहजासहजी परत मिळत नाही.

कायद्याची चौकट

तांत्रिक चाचणी उत्तीर्ण झालेले ॲप कायद्याच्या कसोटीलाही उतरावे लागते. वस्तू व सेवा कर व्यवस्थेत ई-वाणिज्य मंचावरून वस्तू विकणाऱ्याला पूर्वी उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून विहित मर्यादेच्या आतील लहान विक्रेत्यांना काही अटींवर ही सवलत मिळाली. परंतु ती राज्यांतर्गत विक्रीपुरती आहे. म्हणजे नोंदणी नसलेला म्हैसूरचा गट मंड्या किंवा बेळगावच्या ग्राहकाला माल विकू शकतो, कोल्हापूरच्या ग्राहकाला नाही. जाळे देशव्यापी असले तरी त्या गटाची कायदेशीर बाजारपेठ राज्याच्या सीमेवर थांबते. ही अट ॲपमधील पिनकोडच्या यादीत उतरली नाही, तर विक्रेता अजाणता नियमभंग करून बसतो. एका लहानशा रकान्यावर संपूर्ण व्यवसायाची वैधता अवलंबून असू शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये ई-वाणिज्य संस्थेने तक्रार निवारण अधिकारी नेमणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. ग्राहकाची संमती आधीच खूण केलेल्या चौकटीतून गृहीत धरता येत नाही. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा १३ फसव्या मांडणी-प्रकारांना मनाई केली. ग्राहकाच्या नकळत टोपलीत जादा वस्तू टाकणे हा त्यांपैकीच एक.

ग्राहकाचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक हा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ च्या कक्षेत येतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरवण्यात आली आहे. कामापुरतीच माहिती घ्यावी आणि काम संपल्यावर ती जपून ठेवण्याचा मोह टाळावा, हे या कायद्याचे सूत्र पहिल्याच आराखड्यात उतरले तर पुढे दुरुस्तीचा खर्च वाचतो.

भौगोलिक उपदर्शनाचा प्रश्नही येथेच येतो. १९९९ चा भौगोलिक उपदर्शन कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. हा हक्क एका व्यक्तीचा नसून उत्पादक समूहाचा असतो आणि अधिकृत वापरकर्त्यांची त्यात वेगळी नोंद होते. ‘म्हैसूर’ हा शब्द मालाच्या वर्णनात कोणीही टंकू शकेल असे ॲप अस्सल कारागिराचे नुकसानच करील. अधिकृत वापरकर्त्याची नोंद तपासणारा एक रकाना सूचीत ठेवला, तर तेच ॲप त्याचे संरक्षण करील.

खुलेपणाच्या मर्यादा

खुले मानक म्हणजे आपोआप न्याय, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ग्राहकाच्या ॲपवर यादीतील क्रम कोणीतरी ठरवतोच. ग्राहक, विक्रेता व वितरण हे तीन पक्ष वेगळे असल्याने माल खराब निघाल्यास जबाबदारी कोणाची, हा प्रश्न बंद मंचापेक्षा येथे अधिक गुंतागुंतीचा होतो. शिवाय भांडवलाच्या जोरावर सवलतींची खैरात करणाऱ्या मंचाशी केवळ मानकाच्या बळावर स्पर्धा करता येत नाही. खुलेपणामुळे विक्रेत्याला मिळते ती एक महत्त्वाची गोष्ट : एक विक्रेता-ॲप सोडून दुसऱ्याकडे जाण्याची मोकळीक. ही मोकळीक वापरता यावी यासाठी सूची प्रमाणित स्वरूपात आणि विक्रेत्याच्या ताब्यात असली पाहिजे.

भाषेचा मुद्दाही दुय्यम नाही. १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय भाषा संस्थान ही केंद्रीय संस्था म्हैसूरमध्येच आहे आणि माहिती तंत्रज्ञानाच्या शिक्षणाचे मोठे केंद्र म्हणूनही हे शहर ओळखले जाते. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिस कंपनीचे विस्तीर्ण प्रशिक्षण संकुल येथे आहे. भाषा आणि तंत्रज्ञान यांची अशी शेजारवस्ती असलेल्या शहरात बचत गटातील स्त्रीला तिच्या कन्नड भाषेत किंमत बदलता येणे, मागणी वाचता येणे आणि तक्रारीला उत्तर देता येणे अशक्य नाही. जे ॲप तिला स्वतः चालवता येत नाही, ते तिच्यासाठी नवा दलालच ठरते.

मित्रहो, १९१६ मध्ये प्रश्न तेल कोण गाळणार हा होता. आज दुकानाची किल्ली कोणाकडे राहणार हा प्रश्न आहे. शासनाने मानक द्यावे, नियम सुबोध ठेवावेत आणि त्यांची अंमलबजावणी करावी. तंत्रज्ञांनी पहिली आज्ञावली लिहितानाच किल्ली, साठा, संमती व सीमा यांचा विचार करावा. आणि उत्पादकाने आपली सूची व आपले नाव स्वतःच्या हाती राखावे. या तिन्ही गोष्टी जुळून आल्या, तर एका पुड्याच्या मागणीपासून सुरू झालेले छोटे ॲपसुद्धा स्वावलंबनाच्या वाटेवरील पहिली पायरी ठरू शकेल.