घरचा आल्बम : दुरुस्ती किती, फेरफार किती?



एकोणिसाव्या शतकात छायाचित्र हा प्रामुख्याने राजवाड्यांचा आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांचा विषय होता. लाला दीनदयाळ इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस असताना या कलेकडे वळले. तुकोजीराव होळकरांचा त्यांना आश्रय लाभला, आणि पुढे हैदराबादेस निजामाचे दरबारी छायाचित्रकार म्हणून त्यांनी कीर्ती मिळविली. सामान्य गृहस्थ मात्र आयुष्यात एकदोनदाच स्टुडिओची पायरी चढत असे. जॉर्ज ईस्टमनने १८८८ साली कोडॅक आणि त्याच्या कंपनीने १९०० साली एक डॉलर किमतीचा ब्राउनी कॅमेरा बाजारात आणला, तेव्हा परदेशांत ही कला घराघरांत शिरली. आपल्याकडे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात बडोद्यास तयार होणाऱ्या आग्फा क्लिक थ्री या साध्या पेटीवजा कॅमेऱ्याने तेच कार्य केले. एका रिळात बारा चित्रे. त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी माणूस विचार करी. आज खिशातील मोबाइलमध्ये हजारो चित्रे मावतात, आणि काढलेले चित्र हवे तसे बदलण्याची सोयही त्यातच असते. म्हणूनच दुरुस्ती कोणती आणि फेरफार कोणता, हा प्रश्न आता प्रत्येक घरापुढे उभा आहे.

चित्र सुधारण्याची हौस काही नवी नव्हे. स्टुडिओतील कारागीर टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवरील देवीचे व्रण आणि सुरकुत्या नाहीशा करीत, बारीक कुंचल्याने पांढरे ठिपके भरीत, कृष्णधवल चित्रातील शालूला रंगही देत. घरात कुणाशी बिनसले तर आल्बममधील त्याची आकृती कात्रीने कापली जाई. परंतु कात्रीची खूण तरी मागे राहत असे, आणि येथे कुणीतरी होते हे पुढच्या पिढीस कळे. आता बोटाच्या एका स्पर्शाने माणूस पुसला जातो, त्याच्या जागी भिंत आपोआप भरून येते, आणि खूण उरत नाही.

काही काळापूर्वी मी आठवीच्या विद्यार्थ्यांना घरातील सर्वांत जुन्या छायाचित्राची प्रत आणावयास सांगितले होते. एका मुलाने आजोबांच्या लग्नाचा ग्रुप फोटो आणला. चित्र सुबक दिसावे म्हणून त्याने उजवी कड छाटली होती. “बाई, तिथं एक म्हातारी अर्धवट दिसत होती. ती कोण, ते आईबाबांनाही ठाऊक नाही,” असे तो म्हणाला. मूळ चित्र आजीपुढे ठेवल्यावर उलगडा झाला. ती आजोबांची आत्या; आईवेगळ्या आजोबांना तिनेच लहानाचे मोठे केले होते. तिचे दुसरे एकही चित्र त्या घरात नाही. मूळ प्रत भिंतीवर शाबूत होती, म्हणूनच ही ओळख पटू शकली.

यावरून पहिला नियम असा की, मूळ चित्राला हात लावू नये. काय करावयाचे ते त्याच्या प्रतीवर करावे. स्कॅनर असल्यास इंचाला ६०० बिंदू या प्रमाणात प्रत घ्यावी. नसल्यास खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी चित्र सपाट ठेवून मोबाइल त्याच्याशी समांतर धरावा आणि फ्लॅश बंद ठेवावा. जुने चित्र तसबिरीच्या काचेला चिकटले असेल, तर ते ओढून काढू नये. वरचा थर सुटून येतो. काचेसह त्याची प्रत घ्यावी.

मग प्रतीवर साधी दुरुस्ती खुशाल करावी. वाकडे चित्र सरळ करावे. अंधारलेले उजळावे, मात्र पांढऱ्या लुगड्याच्या चुण्या दिसेनाशा होऊ लागल्या की थांबावे. १९७० ते ८० च्या सुमाराची पुष्कळ रंगीत चित्रे तांबूस झालेली आढळतात, कारण त्यांतील निळसर-हिरवा रंग आधी विटतो. अशा वेळी चित्रातील एखादी मुळात पांढरी असलेली वस्तू, सदरा किंवा भिंत, डोळ्यांपुढे ठेवून तांबडेपणा हळूहळू कमी करावा. धुळीचे ठिपके व ओरखडे पुसावेत. जेपेग प्रकारची प्रत बदलून पुन्हा पुन्हा साठविली की दर वेळी तिचा दर्जा थोडा घसरतो. यास्तव पहिली प्रत निराळी ठेवून द्यावी.

या साऱ्या दुरुस्तीत मुळात जे होते तेच स्पष्ट होते. जे नव्हते ते घालणे किंवा जे होते ते लपविणे, हा फेरफार होय. धूसर चेहरा ठसठशीत करून देणारी नवी यंत्रे फार मोह घालतात. पण ती पुसट झालेले डोळे शोधून काढीत नाहीत; इतर असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेल्या अंदाजाने नवे डोळे रेखाटतात. चित्र देखणे होते, परंतु पणजीच्या जागी कदाचित दुसरीच स्त्री आपल्याकडे पाहत असते. हौस म्हणून असे चित्र करावयाचे झाल्यास त्यावर तसे स्पष्ट लिहावे, आणि धूसर पणजी तिच्या जागी राहू द्यावी.

शेवटची गोष्ट नावांची. चित्राच्या पाठीवर, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने डावीकडून उजवीकडे नावे, स्थळ आणि साल लिहावे. मोबाइलमधील चित्रांना नावे देतानाही हेच करावे. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या रीतीने पाठविलेले चित्र लहान होते आणि त्याच्याशी जोडलेली तारखेची नोंद गळून पडते. म्हणून मूळ प्रत दुसरीकडे जपावी.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या कुटुंबांपाशी मूळ गावचे घर नाही, कागदपत्रेही थोडीच. लग्नाचे, मुंजीचे, बाप्तिस्म्याचे एखादे चित्र हाच कित्येकदा एकमेव पुरावा असतो. तो वाचू शकणारी वडीलधारी माणसे आज आहेत, उद्या नसतील. येत्या रविवारी आल्बम घेऊन त्यांच्याजवळ बसा, आणि कडेला उभ्या असलेल्या माणसाचे नाव सर्वांत आधी विचारा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.