आधी फोटोकार्ड, मग केक

सोलमधल्या कॅफेत केक टेबलावर येतो, पण समोरची मुलगी चमचा उचलत नाही. पर्समधून प्लॅस्टिकच्या पाकिटातलं छोटं कार्ड काढते, केकशेजारी धरून फोटो घेते आणि मगच खायला लागते. कार्डावर तिच्या लाडक्या गायकाचा चेहरा. या फोटोला कोरियन तरुणाई ‘येजॉल शॉट’ म्हणते; येजॉल म्हणजे शिष्टाचार. थोडक्यात, नैवेद्यच!

फोटोकार्ड असतं एटीएम कार्डाएवढं. २०१० मध्ये ‘गर्ल्स जनरेशन’ या कोरियन गायिकांच्या गटाच्या ‘ओह!’ या अल्बमसोबत ते आलं आणि मग प्रथाच पडली.

खरी गंमत पुढेच आहे. अल्बमच्या पाकिटात कोणाचं कार्ड निघेल, ते उघडेपर्यंत कळत नाही. गटात सात जण असतील, तर हवा तो चेहरा पहिल्याच फटक्यात मिळणं नशिबाचा भाग. मग मित्रमैत्रिणींत अदलाबदल होते, दुर्मीळ कार्डाला अल्बमहून जास्त भाव येतो आणि काहीजण एकाच अल्बमच्या दहा-दहा प्रती घेतात. कंपन्या हे पुरतं ओळखून आहेत. यात भक्ती चाहत्यांची, हिशेब त्यांचा.

उरलेल्या सीडींचा मात्र कचरा होतो. त्यामुळे आता नुसती कार्डं आणि गाणी ऐकण्यासाठी कोड असलेले, बिनसीडीचे अल्बमही दुकानांत मिळू लागले आहेत.